पॅलाटाइनवरचा काळा दगड : शेवटच्या रात्रीपर्यंतचा घटनाक्रम

इ.स. 222 च्या मार्च महिन्यात रोममधल्या सैनिकांनी आपल्याच अठरा वर्षांच्या सम्राटाला छावणीत ठार केले. त्याची आईही त्याच्याबरोबर मारली गेली. मग शहराने एका दगडाला हद्दपार केले. सीरियातल्या एमेसाहून, म्हणजे आजच्या होम्सहून आलेला हा काळा दगड तळाशी गोल होता आणि वर निमुळता होत टोकाला गेलेला होता. एमेसाचे लोक त्याला एलागाबाल म्हणत. तो आकाशातून पडला, त्याला कुणी घडवलेले नाही, सूर्याचेच ते रूप आहे, अशी त्यांची श्रद्धा होती. नाकडोळे नसलेला, शेंदराने माखलेला तांदळा ज्यांनी गावाच्या वेशीवर पुजला जाताना पाहिला आहे, त्यांना ही श्रद्धा वेगळी समजावून सांगायला नको.

सम्राटाचे अधिकृत नाव मार्कस ऑरेलियस अँटोनायनस. पुढच्या लेखकांनी देवाचेच नाव त्याच्या माथी मारले आणि इतिहासात तो एलागाबालस म्हणून राहिला. येथे देवाला एलागाबाल म्हटले आहे आणि त्याला अँटोनायनस.

त्याच्याबद्दल लिहिणारे दोन समकालीन लेखक आपल्याकडे आहेत, डिओ कॅसियस आणि हेरोडियन. दोघांनाही तो आवडत नव्हता. डिओ तर त्या काळात आशिया मायनरमध्ये अधिकारपदावर होता, रोममधले त्याने ऐकूनच लिहिले. शय्यागृहाच्या त्यांच्या रंगवलेल्या कथा येथे घेतलेल्या नाहीत. दगडाबद्दल ते जे सांगतात, त्यातल्या मुख्य गोष्टींना मात्र नाण्यांचा आणि शिलालेखांचा आधार आहे. म्हणून घटनाक्रम दगडाच्या बाजूने लावायचा.

425 वर्षे आधी : ओस्टिया बंदर

इ.स.पू. 205. कार्थेजचा सेनापती हॅनिबल अजून इटलीत ठाण मांडून आहे. आकाशातून वारंवार दगडांचा वर्षाव झाल्याची त्या वर्षाची नोंद इतिहासकार लिव्हीने केली आहे. घाबरलेल्या रोमने भविष्यवाणीचे सिबिलीन ग्रंथ उघडले. परका शत्रू इटलीत शिरला असेल तर इडा पर्वताची माता पेसिनसहून रोमला आणावी, म्हणजे शत्रू हटेल, असे त्यात निघाले. सिनेटने पाच दूत पाठवले. पेर्गॅममचा राजा अ‍ॅटलस याने मध्यस्थी केली आणि एक दगड दूतांच्या हाती आला. तिथले लोक त्यालाच देवांची माता म्हणत होते.

इ.स.पू. 204 च्या एप्रिलमध्ये दगड ओस्टियाला पोचला. राज्यातला सर्वांत सज्जन पुरुष म्हणून निवडलेल्या तरुण सिपिओ नासिकाने तो जहाजावरून उतरवून घेतला आणि घरंदाज स्त्रियांनी हातोहात शहरात नेला. इ.स.पू. 191 मध्ये पॅलाटाइन टेकडीवर मातेचे स्वतःचे देऊळ उभे राहिले. अर्नोबियस नावाच्या ख्रिस्ती लेखकाने पुढे त्या दगडाचे वर्णन केले आहे: लहानसा, हातात सहज मावणारा, काळपट, खडबडीत, मूर्तीच्या चेहऱ्यात तोंडाच्या जागी बसवलेला.

तेव्हा दगड पुजण्याचे रोमला वावडे नव्हते आणि परक्या देवाचेही नव्हते. त्यांच्या घरचेच दगड काय कमी होते! कॅपिटोल टेकडीवर ज्युपिटरचे देऊळ बांधायला घेतले, तेव्हा बाकीच्या देवांनी जागा सोडली. सीमेचा देव टर्मिनस मात्र हलायला तयार झाला नाही. मग त्याचा दगड तिथेच ठेवून देऊळ भोवताली उभारले आणि त्याच्या डोक्यावर छताला भोक ठेवले. तह करताना फेशियल पुरोहित गारगोटीने डुक्कर मारून ज्युपिटरची शपथ घेत. अवर्षण पडले की एक दगड शहरात ओढत आणण्याची प्रथा होती.

मातेला आत घेताना रोमने आपल्या अटीही घातल्या. तिचे नपुंसक पुरोहित फ्रिजियातून आलेले असत, रोमच्या नागरिकाला त्यांच्यासारखे वेश करून ढोल बडवत रस्त्याने फिरायला बंदी होती. तिच्या नावाचे खेळ रोमन प्रीटर भरवत असे. देवी टेकडीवर, आणि तिच्या दाराशी सिनेट. ही बैठक चारशे वर्षे टिकली.

3 वर्षे 10 महिने आधी : एमेसा

16 मे 218 ची पहाट. तिसऱ्या गॅलिका लीजनच्या छावणीत एका चौदा वर्षांच्या मुलाला रात्रीच गुपचूप आणले आहे. तो एमेसाच्या सूर्यदेवाचा वंशपरंपरागत पुजारी. जन्माचे नाव वॅरियस अविटस बॅसियानस. त्याची आजी युलिया माएसा ही सम्राट सेप्टिमियस सेव्हेरसच्या राणीची, युलिया डोम्नाची बहीण. वर्षापूर्वी सेव्हेरसचा मुलगा सम्राट काराकाला याचा खून झाला, मॅक्रिनस गादीवर बसला आणि त्याने माएसाला दरबारातून काढून माहेरी धाडले. आता ती आपल्या नातवाला काराकालाचा मुलगा म्हणून पुढे करते आहे. हा बेत हेरोडियन सगळा तिच्याच पदरात टाकतो.

सैनिकांना हा मुलगा अनोळखी नव्हता. एमेसाजवळ तळ देऊन असलेले शिपाई देवळात जायचे. जांभळ्या आणि सोनेरी वस्त्रांतला, डोक्यावर रत्नजडित मुकुट घातलेला हा देखणा पोरगा बासरीच्या तालावर वेदीभोवती नाचायचा आणि ते कौतुकाने बघत राहायचे. त्या नाचानेच त्याला पहिले अनुयायी मिळवून दिले. 8 जूनला अँटिओकजवळ लढाई झाली. सैन्य मागे हटू लागले तेव्हा माएसा आणि मुलाची आई युलिया सोएमियास रथांतून उड्या टाकून पळणाऱ्यांच्या आडव्या आल्या. मुलगा तलवार उपसून घोड्यावरून पुढे सरसावला. मॅक्रिनस हरला, पळताना पकडला गेला आणि मारला गेला.

पुजारी सम्राट झाला. सम्राट झाल्यावरही तो पुजारीच राहिला, आणि येथून पुढचे सगळे त्यातून घडत गेले.

3 वर्षे आधी : निकोमेडिया

218-19 चा हिवाळा. रोमच्या वाटेवर दरबार निकोमेडियात थांबला आहे. माएसा नातवाला समजावते आहे: रोमला पोचण्याआधी हे कपडे बदल, तिथल्या लोकांना हे बायकी वाटतील, त्यांना टोगा घालणारा सम्राट हवा. लोकर स्वस्त म्हणून तिला तो शिवत नसे, रेशमाखेरीज अंगाला काही लावत नसे, असे हेरोडियन सांगतो.

मुलाने आजीचे ऐकले नाही. त्याने वेगळीच तोड काढली. पुरोहिताच्या वेशात देवापुढे होम करताना स्वतःचे भलेमोठे चित्र काढवले आणि रोमला पाठवून दिले. सिनेट सभागृहात विजयदेवीच्या मूर्तीच्या वर ते टांगायचे, असा हुकूम होता. सभासद आत येताना त्या देवीपुढे धूप आणि मद्य अर्पण करत. आता ते त्या चित्रापुढेही होणार. सार्वजनिक पूजेत इतर देवांच्या आधी एलागाबालचे नाव घ्यायचे, असेही अधिकाऱ्यांना कळवले गेले. काही महिन्यांनी तो रोमला आला तेव्हा लोकांना त्याचा वेश नवा वाटलाच नाही, इतके डोळे चित्राला सरावले होते.

चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाची ही युक्ती फार हुशारीची होती, असे मला वाटते. त्याला वेडा ठरवणाऱ्यांनी एवढ्या एका गोष्टीकडे नीट पाहायला हवे होते. पण हुशारी चुकीच्या दिशेने धावत होती. मातेच्या दगडासाठी सिनेटने दूत पाठवले होते. या दगडासाठी सिनेटला फक्त हुकूम आला.

अडीच वर्षे आधी : रोम

219 चा उन्हाळा उतरला तेव्हा मिरवणूक शहरात पोचली. दगडाचा प्रवास नाण्यांवर कोरलेला आहे: चार घोड्यांचा रथ, त्यात शंक्वाकार शिळा, शिळेवर गरुड, आणि काही नाण्यांवर भोवती चार छत्र्या. पॅलाटाइनच्या पूर्व कोपऱ्यात देवासाठी विशाल देऊळ उभारले गेले. आज ती जागा विन्या बार्बेरिनी म्हणून ओळखली जाते, आणि तिथे देवळाचा पाया सापडला आहे.

रोज सकाळी पूजा होई. शेकड्यांनी बैल आणि मेंढ्या कापल्या जात, वेद्यांवर सुगंधी द्रव्यांचे ढीग रचले जात, जुन्यातल्या जुन्या मद्याचे रांजण रिते केले जात. रक्त आणि मद्य एकत्र वाहत जाई. अँटोनायनस वेदीभोवती नाचे. त्याच्याबरोबर फिनिशियन स्त्रिया झांजा आणि डफ घेऊन फेर धरत. सिनेटचे सभासद आणि सरदार नाटकाला बसल्यासारखे रांगेने उभे.

बळी दिलेल्या पशूंची आतडी आणि मसाले सोन्याच्या ताटांत घालून डोक्यावरून मिरवायचे असत. हे काम सेवकांना नव्हते. सम्राटाच्या रक्षक दलाचे, म्हणजे प्रीटोरियन सेनेचे, प्रमुख आणि राज्यातले सर्वोच्च अधिकारी फिनिशियन पद्धतीचा पायघोळ झगा आणि तागाचे जोडे घालून ती ताटे वाहत. हेरोडियन म्हणतो, हा फार मोठा मान आहे असे सम्राटाला वाटे. मला यात त्याचा दुष्टावा दिसत नाही. एमेसात देवाचे ताट डोक्यावर घेणे हा मानच असणार. पण रोममध्ये तलवारीचा धनी देवळाचा हमाल झालेला शिपाई बघत होते.

सव्वा वर्ष आधी

220 च्या अखेरीस सम्राटाच्या पदव्यांत एक नवी पदवी आली: अजिंक्य सूर्यदेव एलागाबालचा सर्वश्रेष्ठ पुरोहित. डिओची मुख्य तक्रार नेमकी हीच आहे. परका देव आणला याबद्दल तो तितका बोलत नाही. तो देव ज्युपिटरच्याही वर बसवला, याने तो पेटतो.

त्याच सुमारास अँटोनायनसने अक्विलिया सेव्हेरा या वेस्टा देवीच्या व्रतस्थ कुमारिकेशी लग्न केले. वेस्टाच्या कुमारिकेने व्रत मोडले तर तिला जिवंत पुरायचे, ही रोमची शतकानुशतकांची रीत. पुरोहित आणि पुरोहिता यांच्या पोटी देवतुल्य मुले यावीत म्हणून हे लग्न केले, असा त्याचा खुलासा डिओने दिला आहे. त्याच्या दृष्टीने त्यात तर्क होता. दोन देवळांची सोयरीक.

देवाचीही लग्ने लागली. आधी पॅलास देवीची मूर्ती वधू म्हणून राजवाड्यात आली. ट्रॉयहून आल्यापासून देवळाला लागलेल्या आगीचा एक प्रसंग सोडला तर ती कुणी हलवली नव्हती, कुणाच्या नजरेलाही पडू दिली नव्हती. मग देवाला शस्त्रधारी वधू रुचत नाही असे सांगून कार्थेजहून चंद्रदेवता युरेनिया आणवली, तिच्या देवळातले सोनेही आंदण म्हणून मागवले. सगळ्या इटलीने लग्नाची मेजवानी झोडावी असा हुकूम निघाला. पुढच्या काळातल्या एका चरित्रात आणखी मोठा आरोप आहे: वेस्टाचा अग्नी, मार्सच्या पवित्र ढाली आणि देवांच्या मातेचे प्रतीक, म्हणजे ओस्टियाला उतरलेला तो दगडसुद्धा, एलागाबालच्या देवळात नेण्याचा त्याने घाट घातला.

परका देव आला म्हणून रोम खवळला, हे सोपे उत्तर मला पटत नाही. इसिस आली होती, मिथ्रास आला होता, एस्कुलापियसचा सर्प एपिडॉरसहून बोटीतून आला होता. रोमचा देव्हारा नेहमीच दाटीवाटीचा राहिला. त्यात आणखी एक शिळा सहज मावली असती. अँटोनायनसने देव्हाऱ्यात जागा मागितली नाही, त्याने देव्हाराच उचलून एका शिळेच्या पायाशी मांडायला घेतला. आणि ज्या शहरात देवांची नेमणूक करणारे लोक तेच राज्य चालवत होते, तिथे ही राज्यक्रांतीच होती.

साडेआठ महिने आधी

26 जून 221. माएसाने वारे ओळखले आहे. तिची दुसरी मुलगी युलिया मामाएआ, तिचा मुलगा अलेक्सियानस, वय जेमतेम बारा-तेरा. देवाच्या सेवेला तुला मोकळीक हवी, राज्याची कटकट दुसरा कुणी पाहील, असे सांगून तिने थोरल्या नातवाकडून धाकट्याला दत्तक घेववले. धाकटा आता सीझर अलेक्झांडर झाला.

दर उन्हाळ्यात दगडाची मिरवणूक शहराबाहेरच्या दुसऱ्या देवळापर्यंत निघे. सोन्यारत्नांनी मढवलेला रथ, सहा पांढरे घोडे. रथात माणूस चढत नसे, लगाम देवालाच बांधलेले, जणू तोच हाकतो आहे. सम्राट रथापुढे उलटा धावे, तोंड देवाकडे, हात घोड्यांच्या लगामाला. पाऊल अडखळू नये म्हणून वाटेवर सोनेरी वाळू पसरलेली आणि दोन्ही बाजूंना सावरायला शिपाई. देवाकडे पाठ फिरवायची नाही म्हणून सगळी वाट उलटे धावणारा सतरा वर्षांचा मुलगा! भक्ती खोटी असती तर हे झाले नसते. शेवटी तो उंच मनोऱ्यांवर चढून सोन्याचांदीचे पेले, वस्त्रे, डुकरे वगळून सर्व तऱ्हेची जनावरे गर्दीत उधळे. त्या झोंबाझोंबीत माणसे तुडवली जात, शिपायांच्या भाल्यांवर जाऊन पडत.

अलेक्झांडरलाही नाच आणि पूजा शिकवावी असे अँटोनायनसच्या मनात होते. मामाएआने मुलाला दूर ठेवले, गुपचूप ग्रीक आणि लॅटिनचे शिक्षक लावले, कुस्ती शिकवली. शिपायांमध्ये ती पैसाही वाटत होती. सम्राटाने शिक्षकांना हाकलले, काहींना मारले. 221 संपता संपता त्याने धाकट्याच्या जिवावर पहिला घाला घातला. प्रीटोरियन बिथरले. सम्राटाला छावणीत जाऊन विनवण्या कराव्या लागल्या, आपली काही माणसे त्यांच्या हवाली करावी लागली. हिएरोक्लिस नावाच्या आपल्या लाडक्याचा जीव मात्र त्याने रडून मागून घेतला.

69 दिवस आधी

1 जानेवारी 222. दोघे भाऊ या वर्षीचे कॉन्सल. अलेक्झांडरबरोबर जायचे नाही म्हणून थोरला अडून बसला. दोघांत समेट दिसला नाही तर शिपाई तुला मारतील, असे आजीने आणि आईने सांगितल्यावर दुपारकडे तो सिनेटमध्ये गेला. ज्युपिटरपुढे नववर्षाचे संकल्प करायला कॅपिटोलवर मात्र गेला नाही, असे तेच नंतरचे चरित्र सांगते. तो विधी प्रीटरने उरकला.

एक दिवस आधी

अलेक्झांडर लोकांना दिसेनासा झाला. तो मरणाला टेकला आहे, अशी अफवा राजवाड्यातून सुटली. शिपाई काय करतात हे अजमावण्यासाठी सम्राटानेच ती सोडली, असे हेरोडियन म्हणतो.

उत्तर लगेच आले. राजवाड्याच्या पहाऱ्याला नेहमीची तुकडी आली नाही. प्रीटोरियनांनी छावणीचे दरवाजे लावून घेतले आणि अलेक्झांडरला छावणीच्या देवघरात डोळ्यांनी पाहिल्याखेरीज ते उघडणार नाहीत असे कळवले.

काही तास आधी : पॅलाटाइन ते छावणी

अँटोनायनसपुढे एकच वाट उरली. सोन्याने आणि रत्नांनी मढवलेल्या राजपालखीत त्याने अलेक्झांडरला शेजारी बसवले आणि निघाला. टेकडीवरून छावणी सरळ रेषेत सुमारे अडीच किलोमीटर, शहराच्या ईशान्येला. टायबेरियसच्या काळात सेजानसने बांधवून घेतलेल्या या भिंती साऱ्या रोमला ठाऊक होत्या. 193 मध्ये याच सेनेने पर्टिनॅक्सला मारले आणि याच भिंतींशी साम्राज्याचा लिलाव झाला. त्यानंतर सेव्हेरसने जुने प्रीटोरियन बरखास्त केले आणि सीमेवरच्या लीजनांतून नवे भरले. आत सुमारे दहा हजार माणसे, त्यांच्या मनात सेव्हेरसचे घराणे घट्ट. पण आता त्या घराण्याचे दोन मुलगे पालखीत होते आणि निवड करणे शक्य झाले होते.

दरवाजे उघडले. जयघोष झाला तो अलेक्झांडरच्या नावाचा. सम्राटाकडे कुणी पाहिले नाही.

पहिला पहारा

रोमन रात्र चार पहाऱ्यांत वाटलेली. मार्चच्या या दिवसांत दिवस आणि रात्र जवळपास सारखे, म्हणून एकेक पहारा साधारण तीन तासांचा. अँटोनायनसने ही रात्र छावणीच्या देवघरात काढली.

या देवघरात सैन्याची निशाणे आणि सम्राटांच्या प्रतिमा ठेवत. शिपाई त्यांची पूजा करत, त्यांच्या साक्षीने शपथ घेत. आयुष्यभर एका निराकार शिळेपुढे नाचलेला पुरोहित त्याच्या शेवटच्या रात्री अशा देवांच्या सोबतीला होता, ज्यांना त्याने कधी महत्त्व दिले नव्हते. तो संतापाने धुमसत राहिला, एवढेच हेरोडियन सांगतो.

दुसरा पहारा

दोन सख्ख्या बहिणी दोन बाजूंना. सोएमियास आपल्या मुलासाठी, मामाएआ आपल्या. डिओच्या शब्दांत भांडण आता उघड झाले होते आणि दोघी शिपायांना चेतवत होत्या. दोघींची आई माएसा. चार वर्षांपूर्वी तिने एका नातवाला गादीवर चढवले. आता दुसऱ्याला वर चढवताना पहिल्याचे काय होणार हे तिला कळत नसेल, असे मानणे कठीण आहे. सीरियातल्या पुजारी घराण्याने रोमची सत्ता हातची जाऊ नये म्हणून स्वतःचाच एक मुलगा आणि स्वतःचाच देव सोडून दिला. या कथेतला मला सर्वांत भयंकर वाटणारा भाग हा आहे. सैनिकांच्या तलवारी त्यानंतर येतात.

तिसरा पहारा

तिकडे पॅलाटाइनवर देव आपल्या जागी आहे. त्याच टेकडीच्या दुसऱ्या टोकाला देवांच्या मातेचे देऊळ. एकाच टेकडीवर आशियातून आलेले दोन काळे दगड. एकाला आणायला रोम स्वतः गेले, त्याला मूर्तीचा चेहरा दिला, वर्षाच्या पंचांगात सण दिला. दुसरा जसा होता तसाच आला, आपल्या पुरोहितासह, आपल्या वाद्यांसह, आपल्या आहारनियमांसह. ज्या अर्थाने तो एमेसात देव होता, त्याच अर्थाने त्याने रोममध्ये राहायचे ठरवले होते. आज आपण याला प्रामाणिकपणा म्हणू. रोमने त्याला उर्मटपणा म्हटले.

चौथा पहारा आणि उजाडणे

रात्र सरल्यावर अँटोनायनसने हुकूम सोडला: अलेक्झांडरचा जयघोष करण्यात जे पुढे होते, त्यांना बंडखोर म्हणून पकडा. ज्यांना पकडायचे ते आणि ज्यांनी पकडायचे ते एकाच छावणीतले, एकाच खोलीत झोपणारे. हुकूम कुणी पाळला नाही. शिपायांनी शस्त्रे उचलली.

डिओचे वर्णन थोडे वेगळे आहे. आपल्यावरच पहारा आहे आणि आपल्याला मारणार आहेत, हे मुलाच्या ध्यानात आले आणि त्याने निसटायचा प्रयत्न केला. त्याला एका पेटीत घालून बाहेर न्यायचे ठरले होते. पेटी सापडली.

ती घटका

सोएमियासने मुलाला मिठी मारली. ती सोडवता आली नाही. दोघांना एकदमच मारले, दोघांची मुंडकी कापली.

लढाईच्या दिवसापासून 3 वर्षे, 9 महिने आणि 4 दिवस राज्य केले, असा हिशोब डिओने मांडला आहे. तो धरला तर दिवस येतो 11 मार्च 222.

नंतरचे तास

नागडी प्रेते शहरभर फरफटत नेली. आईचे कुठेतरी टाकून दिले, मुलाचे टायबर नदीत फेकले. म्हणून डिओ त्याला पुढे टायबरिनस या हेटाळणीच्या नावानेही हाक मारतो. हिएरोक्लिस मारला गेला, प्रीटोरियन सेनेचे दोन्ही प्रमुख मारले गेले, नगराधिकारी फुल्वियस मारला गेला. एमेसाचा ऑरेलियस युबुलस, राजकोशाचा अधिकारी, त्याचे तुकडे झाले. फुल्वियसच्या जागी कोमाझोन आला. 218 च्या बंडात मुलाच्या बाजूने असलेला हा माणूस त्याच्या मृत्यूनंतरही पदावर राहिला.

तीन दिवसांनंतर

14 मार्चला अलेक्झांडरला ऑगस्टस आणि सर्वोच्च पुरोहित या पदव्या मिळाल्या. रोमच्या सैन्याच्या सणांच्या यादीत पुढे या दिवसाचीही नोंद झाली. अँटोनायनसचे नाव शिलालेखांवरून खरवडून काढले गेले. उपटून आणलेल्या मूर्ती आणि पवित्र वस्तू आपापल्या देवळांत परत गेल्या. पॅलाटाइनवरचे नवे देऊळ ज्युपिटरच्या, सूड घेणाऱ्या ज्युपिटरच्या नावे केले गेले. दगड एमेसाला रवाना झाला. त्याला फोडण्याचे धाडस मात्र कुणी केले नाही.

देवांच्या मातेचा दगड जागचा हलला नाही. तिचे एप्रिलचे खेळ चालू राहिले.

त्यानंतर

253 मध्ये एमेसाला युरेनियस अँटोनायनस नावाच्या दावेदाराने नाणी पाडली. त्यांवर तीच शिळा आहे, देवळात, छत्र्यांच्या खाली. 272 मध्ये सम्राट ऑरेलियनने एमेसाजवळ पाल्मीराची राणी झेनोबिया हिच्या सैन्याचा पराभव केला आणि विजयाचे श्रेय सूर्याला दिले. दोनच वर्षांत, 274 मध्ये, त्याने रोममध्ये अजिंक्य सूर्याचे भव्य देऊळ बांधले, दर चार वर्षांनी भरणारे खेळ सुरू केले आणि सूर्याच्या पुरोहितांचे नवे मंडळ नेमले. या देवळात शिळा नव्हती, एमेसाचा पुजारी नव्हता, झांजा वाजवणाऱ्या फिनिशियन स्त्रिया नव्हत्या. मंडळातले पुरोहित सिनेटचे सभासद होते, आणि कोणत्याही सम्राटाला त्यासाठी जीव द्यावा लागला नाही.